संगणक-सल्ला : जुन्या खेळांसाठी कोणता प्रोसेसर घ्यावा?

प्रश्न : शाळकरी वयात संगणकाच्या क्लासमध्ये आणि पुढे मावसभावाच्या घरी जे खेळ खेळलो, ते आजच्या संगणकावर नक्कल करून न खेळता त्या काळच्याच यंत्रावर खेळावेत, अशी फार दिवसांची इच्छा आहे. माझ्या यादीत ‘विंग कमांडर’, ‘डूम’, ‘क्वेक’ आणि ‘नीड फॉर स्पीड टू’ची स्पेशल एडिशन हे चार खेळ आहेत. जुने सामान विकणाऱ्या एका दुकानदाराकडे मदरबोर्डासह तीन प्रोसेसर मिळत आहेत : ४८६ डीएक्स२-६६, पेंटियम एमएमएक्स २३३ आणि पेंटियम थ्री ८००. किमतींत फारसा फरक नसल्यामुळे सर्वांत वेगवान तो घ्यावा, असे मला वाटते. हे योग्य ठरेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : आपण खेळांची यादी आधी केली आणि मग दुकान गाठले, हा क्रम अगदी योग्य आहे. मात्र वेगवान तेच चांगले, हा आजचा हिशेब जुन्या खेळांना लागू पडत नाही. आपल्या चार खेळांचा विचार करता मी पेंटियम एमएमएक्स २३३ घ्यावा, असे सुचवेन. त्याची कारणे सविस्तर सांगतो.

‘विंग कमांडर’ १९९० सालचा आहे. त्या काळच्या काही खेळांत पडद्यावरची हालचाल घड्याळाशी बांधलेली नसे. प्रोसेसर जितका भरभर चाले, तितका खेळही भरभर चाले. त्यामुळे हा खेळ वेगवान यंत्रावर सुरू केला, की शत्रूचे यान दिसेपर्यंत आपले यान नष्ट झालेले असते. मी स्वतः तो एमएमएक्स २३३ वर प्रथम सुरू केला, तेव्हा दुसरी लढाई सुरू होऊन संपलेली मला कळलीसुद्धा नाही. त्यानंतर बायोसमध्ये (यंत्र सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मांडणीच्या पडद्यात) जाऊन प्रोसेसरच्या आतील कॅश (त्याची छोटी, जलद स्मृती) बंद केली आणि पुन्हा तोच खेळ लावला, तर यान जॉयस्टिकच्या हुकमात, जड आणि संथ वळू लागले. कॅश बंद केलेला हा प्रोसेसर साधारण ३८६च्या (४८६च्या आधीच्या प्रोसेसरच्या) चालीने चालतो, आणि या खेळाला तीच चाल मानवते.

एमएमएक्सचा खरा गुण याच्या पुढे आहे. त्याच्या आत चाचणीसाठी ठेवलेली काही रजिस्टरे (छोट्या साठवणीच्या जागा) आहेत, आणि ‘सेटमल’ नावाच्या छोट्या डॉस (विंडोजपूर्वीची कार्यप्रणाली) प्रोग्रॅमने ती बदलता येतात. कॅश चालू ठेवून फक्त शाखांचा, म्हणजे पुढे कोणती सूचना येईल याचा, अंदाज बांधणारा भाग बंद करणे, दोन सूचना एकाच वेळी चालवणारी दुसरी वाहिनी बंद करणे, किंवा हे सारे एकत्र करणे, अशा अनेक पायऱ्या मिळतात, आणि ३८६पासून पूर्ण पेंटियमपर्यंतचा मधला पट्टा एकाच यंत्रात भरून निघतो. बसचा (बोर्डाचा मूळ) वेग ५० मेगाहर्ट्झ व गुणक (तो वेग किती पट करायचा तो आकडा) २ ठेवला, तर प्रोसेसर १०० मेगाहर्ट्झवर येतो, ती आणखी एक पायरी. पेंटियम थ्रीवर ही रजिस्टरे नाहीत आणि त्याचा गुणकही कुलूपबंद आहे.

‘डूम’ (१९९३) ४८६ डीएक्स२-६६ वरही छान चालतो. ‘क्वेक’चे मात्र तसे नाही. १९९६ सालचा हा खेळ पेंटियमच्या दशांश गणित करणाऱ्या भागावर बेतून लिहिला गेला. भिंतीचा पोत दूरवर जाताना वाकडा दिसू नये म्हणून त्यात दर सोळा बिंदूंमागे एक भागाकार करावा लागतो. पेंटियममध्ये तो भागाकार सुरू असतानाच पूर्णांकांचे इतर काम चालू राहते, त्यामुळे भागाकाराचा वेळ जणू फुकटात मिळतो. ४८६ इथे दम टाकतो. सायरिक्स ६x८६ हा प्रोसेसर कार्यालयीन कामांत पेंटियमच्या बरोबरीने धावत असे, तोही ‘क्वेक’मध्ये मागे पडला, तो या दशांश गणितामुळेच.

तरीही तो ४८६ दुकानदाराने मोडीत काढू नये, असे मला मनापासून वाटते. सिरॅमिकच्या जुन्या चिपांमध्ये सोने असल्याने त्या वजनावर विकल्या जातात आणि चालू स्थितीतले प्रोसेसरही आम्लात जातात. ओळखीतल्या कोणाला फक्त १९९३-९४ पर्यंतचे खेळ खेळायचे असतील, तर त्याच्यासाठी तो उत्तम आहे. घेताना बोर्डावरची नळकांडीसारखी बॅटरी फुटून तिच्या रसाने तांब्याच्या रेषा खाल्लेल्या नाहीत ना, एवढे पाहावे.

पेंटियम थ्री घेण्यापूर्वी त्याच्या बोर्डावर काळ्या रंगाचा लांब आयएसए स्लॉट (जुन्या पद्धतीची कार्डे बसवण्याची खाच) आहे का, हे पाहावे लागेल. डॉसचे खेळ साउंड ब्लास्टर या आवाजाच्या कार्डाशी थेट, ठरलेल्या पत्त्यावर बोलतात. बहुतेकदा पत्ता २२०, इंटरप्ट ५ आणि डीएमए १. आयएसए कार्ड बसवले, की हे विनासायास जमते, नंतरच्या पीसीआय पद्धतीच्या कार्डांवर मात्र बरीच खटपट करावी लागते. आपल्या यादीतला शेवटचा खेळ १९९७ सालचा, विंडोज ९५ वर चालणारा आहे. त्यासाठी पेंटियम थ्रीची गरज नाही. एमएमएक्सला थ्रीडीएफएक्स कंपनीच्या ‘व्हूडू’ या त्रिमित चित्रे काढणाऱ्या कार्डाची जोड दिली, तर या विशेष आवृत्तीचे रस्ते फारच देखणे दिसतात.

खरेदी करताना चिपवरचा क्रमांक वाचावा. एमएमएक्सच्या क्रमांकात ८०५०३ हे आकडे असतात, साध्या पेंटियमच्या क्रमांकात ८०५०२. नव्वदच्या दशकात खरडून नवा वेग छापलेल्या चिपाही बाजारात आल्या होत्या, म्हणून पृष्ठभागावर घासल्याच्या खुणा असतील तर ती चिप घेऊ नये. एमएमएक्सच्या गाभ्याला २.८ व्होल्ट लागतात. जुन्या पेंटियमसाठी जम्पर (बोर्डावरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) ३.३ वर ठेवलेला असेल आणि तो न बदलता यंत्र सुरू केले, तर चिप तापून निकामी होऊ शकते. गुणकाच्या तक्त्यात ३.५ सापडला नाही, तर गोंधळून जाऊ नये : हा प्रोसेसर १.५चे जम्पर ३.५ असे वाचतो, म्हणजे ६६ गुणिले ३.५, अर्थात २३३.

मेमरी ६४ एमबीहून अधिक बसवू नये. हा बोर्ड इंटेलच्या ४३०टीएक्स चिपसेटचा (बोर्डावरच्या नियंत्रक चिपांच्या संचाचा) असेल, तर तो तेवढ्याच मेमरीला कॅशचा लाभ देतो. त्यापुढची मेमरी वाढवल्यास विंडोज उलट मंदावते. शेवटी, बोर्ड जुन्या एटी पद्धतीचा असेल, तर वीजपुरवठ्याच्या दोन जोडण्या शेजारी लावताना दोन्हींकडच्या काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत. उलट लावल्यास बोर्ड जळतो. या पद्धतीत पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात, म्हणून प्लग काढल्याशिवाय पेटीत हात घालू नये.

प्रश्न : माझ्याकडे एएमडी के६-२, ५०० मेगाहर्ट्झचे यंत्र आहे. त्यावर विंडोज ९५ टाकले, की सुरू होतानाच ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’ येते, पण नेहमीच नाही. प्रोसेसर खराब झाला आहे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : बहुधा नाही. सुरू होताना विंडोज ९५ एक रिकामे आवर्तन फिरवून त्याला लागलेला वेळ मोजते आणि त्या वेळेने भागाकार करते. के६-२ हे आवर्तन इतक्या झटकन संपवतो, की ३५० मेगाहर्ट्झपासून पुढे मोजलेला वेळ कधी कधी शून्य येतो आणि शून्याने भागण्याचा प्रयत्न फसतो. म्हणूनच चूक एकदा येते, एकदा येत नाही. मायक्रोसॉफ्टने यासाठी दुरुस्ती दिली होती. विंडोज ९८ मध्ये हा दोष नाही. दुरुस्ती हाती लागेपर्यंत गुणकाचे जम्पर बदलून वेग ३०० मेगाहर्ट्झवर आणावा आणि यंत्र चार-पाच वेळा सुरू करून पाहावे. चूक पुन्हा आली नाही, तर आपला प्रोसेसर ठणठणीत आहे असे समजण्यास हरकत नाही.