सलाईनचे थेंब मोजणारं सर्किट वॉर्डात गेल्यावर जास्त का मोजतं?

तुम्ही लिहिलंय की टेबलावर नीट चालणारी इन्फ्रारेड एलईडी-फोटोट्रान्झिस्टरची जोडी (एक न दिसणारा उजेड टाकते, दुसरा तो पकडतो) नांदेडच्या वॉर्डात एका थेंबाचे दोन मोजते आणि ट्यूबलाइट लावली की सलाईन बंद असतानाही आकडा पळतो. ही दोन वेगळी दुखणी आहेत.

आधी दोनाचं बघू. थेंब प्रकाश शोषतो म्हणून सावली पडते, असं बहुतेकांना वाटतं. पण ९४० नॅनोमीटरच्या या इन्फ्रारेड उजेडाचं एवढ्याशा पाण्यात शोषण थोडंच. थेंब भिंगाचं काम करतो: कडांवरचे किरण वळून भलतीकडे जातात, मधले सरळ पार होतात. ऑसिलोस्कोप लावलात तर सिग्नलमध्ये एक दरी आणि तिच्या मधोमध उंचवटा दिसेल. कंपॅरेटर (सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर की खाली, एवढंच सांगणारी चिप) त्याचेच दोन करतो. मिलीला २० थेंबांच्या सलाईन सेटचा थेंब साधारण साडेचार मिमीचा असतो, थेंब सुटतो त्या टोकाखाली २ सेमीवर त्याचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या आसपास. म्हणजे सगळा खेळ ७ मिलिसेकंदांचा. पहिली घसरण मोजली की पुढचे ५० मिलिसेकंद कोडमध्ये काहीच ऐकू नका. तासाला १०० मिली म्हणजे मिनिटाला ३३ थेंब, त्यामुळे काही सुटायची भीती नाही.

ट्यूबचं दुखणं कोडनं जात नाही. चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणजे उजेड-अंधाराचा एक फेरा १० मिलिसेकंदांचा. थेंबाची खूण त्याच मापाची, मग फिल्टर कुणाला गाळणार? सेन्सर काळ्या क्लिपमध्ये बसवा आणि दोन्ही बाजूंना १ मिमी उंचीची आडवी फट ठेवा. आडवी अशासाठी, की स्टँड कलला की थेंब मधोमध पडत नाही. क्लिप टोकाला अगदी चिकटवू नका, लोंबणारा थेंब हलतो आणि उगाच मोजला जातो. एवढ्यानं भागलं नाही तर एलईडी २ किलोहर्ट्झनं चालू-बंद करून दोन्ही वाचनांतला फरक घ्या.

सर्किट साधंच. ५ व्होल्टवर एलईडीला २२० ओहम, फोटोट्रान्झिस्टरच्या एमिटरला १० किलो-ओहम. थेंब नसताना एमिटरवर अडीच व्होल्टच्या आसपास यायला हवेत. पुरवठ्याला टेकले असतील तर रेझिस्टर कमी करा. एलएम३९३ या कंपॅरेटरच्या प्लसला हा सिग्नल १० किलोमधून द्या. मायनसला तोच सिग्नल १०० किलोमधून, तिथून ग्राउंडला १ मेगा आणि १० मायक्रोफॅरड. संदर्भ आपोआप सरासरीच्या नऊ टक्के खाली राहतो, त्यामुळे थेंब पडतात त्या कुपीत वाफ धरली किंवा मे महिन्यात एलईडी तापून मंदावली तरी पोटेन्शिओमीटर पिळत बसावं लागत नाही. आउटपुटला १० किलोचा पुल-अप, आणि आउटपुटवरून प्लसला १ मेगा. हा १ मेगा विसरू नका.

सेटचं पाकीट मात्र वाचा, मायक्रो सेट मिलीला ६० थेंब देतो. आणि हे प्रोजेक्ट आहे, पेशंटजवळ सिस्टरची नजर हवीच.

मोसंबीच्या ठिबकला हेच चालेल का, असंही विचारलंत. तासाला ४ लिटरच्या ड्रिपरखाली सेकंदाला पंधरा-वीस थेंब, कधी चक्क धारच. तिथं सर्किट कशाला, मापाचं भांडं ठेवा. ६ मिनिटांत ४०० मिली भरलं तर ड्रिपर ठीक.