वही उघडून बोला : शिक्षक-पालकांचे प्रश्न आणि उत्तरं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी प्राथमिक शाळांमधून शिक्षकांची आणि पालकांची पत्रं आली आहेत. शाळा आणि घर यांच्यातलं बोलणं कुठे अडतं, हाच बहुतेकांचा विषय आहे. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : सरकारी मराठी शाळेत तिसरी-चौथीचा वर्ग माझ्याकडे आहे. 24 मुलं आहेत. पालक सभेला पाच-सहा जण येतात, तेही दरवेळी तेच. ज्यांच्याशी बोलायला हवं ते फिरकत नाहीत. काय करावं? — शिक्षिका, खानापूर तालुका

टीचर, आधी सभेची तारीख तपासा. तुमच्या भागात जूनअखेरपासून जुलैभर रोप लावण चालते आणि दिवाळीच्या आगेमागे भाताची कापणी-मळणी सुरू होते. या दिवसांत दुपारी 3 ची सभा ठेवली, तर मजुरीवर जाणाऱ्या बाईला अर्ध्या दिवसाचा पगार सोडून यावं लागतं. ती येत नाही याचा अर्थ तिला मुलाचं पडलेलं नाही, असा काढू नये. शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात एक सभा घ्या, दुसरी गणपती झाल्यावर दसऱ्याच्या सुट्टीआधी आणि तिसरी संक्रांतीनंतर. शनिवारी सकाळची शाळा सुटते ती वेळ बहुतेक गावांत जमते. गावचा बाजार आणि यात्रा मात्र टाळा.

निमंत्रणाची चिठ्ठी मुलाच्या हातून लिहून घ्या : ‘आई, शनिवारी सकाळी 11 वाजता माझी वही बघायला ये.’ तीन दिवस आधी चिठ्ठी आणि आदल्या संध्याकाळी आठवण, एवढं पुरतं. चिठ्ठी फक्त वडिलांच्या नावे नको. वडील गोव्याला किंवा पुण्याला कामाला असतात आणि मूल आजीकडे, अशी घरं प्रत्येक वर्गात निघतात. आजीला ‘तुम्हीच या’ असं स्पष्ट कळवावं लागतं, नाहीतर आपल्याला काय कळतंय म्हणून ती येत नाही.

सभा एका दिवसात उरकू नका. 24 पालकांना प्रत्येकी चार मिनिटं दिली तरी दीड तास जातो आणि शेवटचे दहा जण कंटाळून निघून जातात. बारा-बारा जणांचे दोन शनिवार करा. पहिली दहा मिनिटं सगळ्यांसाठी : पुढच्या दोन महिन्यांत काय शिकवणार ते पुस्तक उघडून दाखवा. मग एकेकाशी स्वतंत्र बोला, बाकीच्यांना तोवर वर्गातली मुलांची कामं बघू द्या. कंपाउंड, संडास, वर्गणी हे विषय या सभेत अजिबात घेऊ नका. ते एसडीएमसीच्या, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीच्या, बैठकीचे आहेत. एकदा कंपाउंडचा विषय निघाला की चार पुढारी बोलतात आणि मुलाचं नाव निघायच्या आत सभा संपते. शिक्षण हक्क कायदा 2009 नेसुद्धा या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. कलम 21 शाळेच्या समितीचं आहे. कलम 24 प्रमाणे पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणं हे शिक्षकाचं स्वतःचं कर्तव्य आहे.

आता त्या चार मिनिटांत काय बोलायचं. मुलाची वही दोघांच्या मध्ये उघडी ठेवा. त्याला जमलेली एक गोष्ट दाखवा, अडलेली एक दाखवा आणि घरी करायचं एकच काम सांगा. ‘वजाबाकीत कच्चा आहे’ हे ऐकून आई काहीच करू शकत नाही, फार तर घरी जाऊन रागावते. त्याऐवजी 53 वजा 27 चं उदाहरण दाखवा. मुलाने 34 लिहिलंय, कारण 3 मधून 7 जात नाहीत म्हणून त्याने उलटं 7 मधून 3 काढले. आईला सांगा, संध्याकाळी दहाच्या पाच नोटा आणि तीन सुटे रुपये त्याच्या हातात द्या आणि 27 मागा. दहाची एक नोट मोडल्याशिवाय त्याला ते देताच येणार नाहीत. असे रोज दोन-तीन व्यवहार आठवडाभर पुरेत. लिहिता-वाचता न येणारी आईसुद्धा हे उत्तम करते, कारण पैशाचा हिशेब तिला चोख येतो.

सगळ्यांसमोर गुण वाचून दाखवू नका. ‘मोठी बहीण किती हुशार होती’ हे वाक्य तर कुठेच नको. पालक सभेला यायचे बंद होतात त्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे : चार माणसांत मान खाली घालावी लागली, की ते पुन्हा पायरी चढत नाहीत.

एवढं करूनही जे येत नाहीत त्यांच्या घरी जा. शाळा सुटल्यावर, आधी निरोप देऊन, आठवड्याला दोन घरं, प्रत्येकी दहा-पंधरा मिनिटं. शक्य असेल तर एक सहकारी बरोबर घ्या. ज्यांची हजेरी घसरते आहे ती घरं आधी. पहिल्या भेटीत तक्रार नेऊ नका. मुलाने केलेलं एखादं चांगलं काम न्या आणि ‘घरी कुठे बसून लिहितो?’ एवढंच विचारा. परगावी असलेल्या आई-वडिलांना रविवारी फोन करा. तारीख, कोणाशी बोललो आणि काय ठरलं हे एका वहीत टिपून ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच बोलणं सुरू होतं आणि तुमची बदली झाली तरी नव्या शिक्षकाच्या हाती काहीतरी राहतं.

प्रश्न : मुलगा तिसरीत आहे. टीचर प्रत्येक वेळी ‘अभ्यासात लक्ष नाही’ एवढंच सांगतात. मी घरी ओरडते, तो रडतो आणि तिथेच सगळं थांबतं. मी टीचरना नेमकं काय विचारू? — एक आई, वडगाव

ताई, तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. ‘लक्ष नाही’ हा टीचरनी काढलेला अर्थ झाला. त्यांना प्रत्यक्ष काय दिसलं ते विचारा. कोणत्या तासाला असं होतं? वाचताना की लिहिताना? फळ्यावरचं उतरवताना चुकतो, की तोंडी सांगितलेलंही चुकतं? कितव्या बाकावर बसतो? मागून हाक मारली तर वळतो का? सकाळी बरा असतो आणि जेवणानंतर पेंगतो, असं आहे का?

उत्तरानुसार वाट बदलते. फळ्यावरून उतरवतानाच चुका होत असतील, तर डोळ्यांची शंका घ्या. आठवडाभर पहिल्या बाकावर बसवायला सांगा. चुका कमी झाल्या तर डोळे तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी मुलाची रजा होऊ देऊ नका आणि ही शंका आधीच टीचरच्या कानावर घाला. हाकेला वळत नसेल तर कान दाखवा. पावसाळ्यात सर्दी मुरली किंवा कान वाहत असला की मुलाला कमी ऐकू येतं आणि ते स्वतः कधीच सांगत नाही. पेंगत असेल तर झोप मोजा. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला दिवसाला 9 ते 12 तास झोप लागते. घरात किंवा शेजारी रात्री उशिरापर्यंत माग चालत असेल, तर मुलाची झोपायची जागा बदलता येते का, ते आधी बघा.

सगळ्यात जास्त वेळा मात्र कारण वेगळंच निघतं : मुलाला धड वाचता येत नसतं. ज्याला पानावरची ओळ लागत नाही तो खिडकीबाहेर बघणारच. हे घरी तपासता येतं. दुसरीचं मराठीचं पुस्तक घ्या आणि न शिकवलेल्या चार-पाच ओळी मोठ्याने वाचायला सांगा. मध्ये दुरुस्त करू नका, फक्त कुठे अडतो ते पाहा. जोडाक्षरावर अडतो, काना-मात्रा गाळतो, की अंदाजाने भलताच शब्द म्हणतो? वाचून झाल्यावर काय वाचलं ते त्याच्या शब्दांत सांगायला लावा. हे निरीक्षण टीचरसाठी सोन्यासारखं आहे. वर्गात चाळीस मिनिटांत त्यांना एका मुलाचं इतकं बारीक ऐकता येत नाही.

शाळेच्या गेटवर उभ्या-उभ्या हे बोलू नका. ‘टीचर, मला दहा मिनिटं हवी आहेत, कधी येऊ?’ असं विचारून वेळ ठरवा आणि वही-पुस्तक घेऊन जा. मुलाला सुरुवातीला बाहेर बसवा, काय करायचं ते ठरल्यावर आत बोलवा, म्हणजे दोघींनी एकच गोष्ट सांगितलेली त्याला ऐकू येईल. निघताना तीन आठवड्यांनंतरची तारीख घ्या. ती घेतली नाही तर ठरलेलं मागे पडतं.

प्रश्न : वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. रात्री अकराला मेसेज, नको ते फॉरवर्ड, आणि परवा एका पालकाने दुसऱ्याच्या मुलाची तक्रार टाकल्यावर मोठा वाद झाला. ग्रुप बंद करू का? — शिक्षक, निपाणी

बंद करू नका, सर. मुसळधार पावसामुळे शाळांना अचानक सुट्टी जाहीर होते, तेव्हा हाच ग्रुप कामाला येतो. सेटिंगमध्ये फक्त अ‍ॅडमिनला मेसेज टाकता येईल असं करा. संध्याकाळी 7 नंतर आणि रविवारी काही टाकायचं नाही, सुट्टीची सूचना तेवढी अपवाद, आणि ही वेळ आधी तुम्हीच पाळा. मेसेज चार ओळींचा असावा : काय आहे, कधी आहे, काय आणायचं, शंका असेल तर कोणाला विचारायचं.

खात्याची परिपत्रकं कन्नडमधून येतात. त्यांचा फोटो तसाच पुढे ढकलला तर बरेच पालक तो उघडतसुद्धा नाहीत. फोटोबरोबर चाळीसेक सेकंदांचा मराठी आवाज रेकॉर्ड करून टाका. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही तो पोचतो. आणि ग्रुपवर टाकलं म्हणजे घरी कळलं, असं समजू नका. घरातला एकुलता मोबाईल दिवसभर वडिलांबरोबर कामावर असतो. संध्याकाळी कोणाच्या घरी फोन असतो आणि कोणाच्या नाही, याची यादी करा. नाही त्यांना चिठ्ठीच द्या.

गुण, हजेरी, कोणाची चूक यातलं काहीच ग्रुपवर नको. संमतीच्या गोष्टीही तिथे विचारू नका. दुपारच्या जेवणात मूल अंडं खाणार की त्याऐवजी केळं घेणार, हा ज्याच्या-त्याच्या घराचा प्रश्न आहे. वर्षाच्या सुरुवातीला चिठ्ठीवर विचारा आणि त्याच चिठ्ठीवर एखादा पदार्थ किंवा औषध मुलाला सोसत नाही का, तेही लिहून घ्या.

तक्रार आलीच तर अ‍ॅडमिन म्हणून तो मेसेज काढा, ‘यावर प्रत्यक्ष बोलू’ एवढंच लिहा आणि त्याच दिवशी दोन्ही घरी वेगवेगळा फोन करा. दोन्ही मुलांना स्वतंत्र विचारून होईपर्यंत कोणाची बाजू घेऊ नका.

प्रश्न : काही पालक स्वतःच म्हणतात, ‘गुरुजी, दोन ठेवून द्या, आमची काही हरकत नाही.’ त्यांना काय उत्तर द्यायचं? — शिक्षक, बेळगाव तालुका

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 प्रमाणे मुलाला मारणं आणि मानसिक छळ, दोन्हीला बंदी आहे. पालकांच्या परवानगीने ती उठत नाही. पण कायदा सांगून थांबू नका. ‘मी मारणार नाही. तो नेमकं काय करतो म्हणून तुम्ही असं म्हणताय, ते सांगा,’ असं विचारा. बहुतेकदा पालक थकलेले असतात आणि त्यांना मदत हवी असते.

प्रश्न : मुलगी चौथीत, मराठी शाळेत. घरी कोणालाच कन्नड वाचता येत नाही, बाजारात मोडकंतोडकं बोलतो एवढंच. तिचा कन्नडचा अभ्यास कसा घ्यावा? शिकवणी लावायची ऐपत नाही. — एक वडील, खानापूर

दादा, कर्नाटकात 2015 च्या कायद्याने कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून शिकावीच लागते, म्हणून हे चौथीतच मार्गी लावलेलं बरं. वाचता न येताही तुम्ही पुष्कळ करू शकता.

कन्नड मुळाक्षरांचा क्रम जवळजवळ आपल्यासारखाच आहे आणि त्यांची ‘कागुणित’ म्हणजे आपली बाराखडी. मुलगी ती ओळीने म्हणत असेल तर चुकलेलं तुमच्या कानाला लगेच कळेल. अडचण येते ती ठरावीक ठिकाणी, आणि टीचरना त्याबद्दलच विचारा. म आणि व, प आणि ष, द-ध-थ ही अक्षरं दिसायला जवळची आहेत, ती ओळखते का? कन्नडात आखूड आणि लांब असे दोन ‘ए’ व दोन ‘ओ’ आहेत. ‘कोडु’ आखूड म्हटलं तर ‘दे’, लांबवलं तर ‘शिंग’. मराठी मूल इथे हमखास घोटाळा करतं. जोडाक्षरात आपण बहुधा पहिलं अक्षर अर्धं करतो, तिथे दुसरं अक्षर खाली छोटं लिहितात. ‘सूर्य’मधला आपला रफार डोक्यावर बसतो, त्यांचा अक्षराच्या पुढे येतो. यातलं नेमकं काय अडतंय हे कळलं, की महिनाभराचा अभ्यास ठरतो.

घरी सुरुवात गावांच्या नावांनी करा. बसवरच्या पाट्या कन्नडमध्येच असतात. स्टँडवर उभं असताना तिला वाचायला सांगा : खानापूर, बेळगावी, लोंढा, नंदगड. बस कुठे जाते ते तुम्हाला माहीत असतं, त्यामुळे तिने बरोबर वाचलं का हे तुम्हाला तपासता येतं. मग घरातल्या सगळ्यांची नावं, मग दुकानांच्या पाट्या. रोज पाच नावं पुरेत.

टीचरना विनंती करा, की दर आठवड्याला आठ-दहा शब्द वहीच्या शेवटच्या पानावर द्या : डावीकडे कन्नड, उजवीकडे देवनागरीत उच्चार आणि अर्थ. तुम्ही अर्थ विचारायचा, तिने डावीकडचं बोट ठेवून वाचायचं. उजवी बाजू हाताने झाकायला विसरू नका, नाहीतर मूल कन्नडकडे न बघता देवनागरीच वाचत राहतं आणि परीक्षेत एक ओळ लागत नाही. दोन महिन्यांनी टीचरना देवनागरी उच्चार द्यायचे बंद करायला सांगा आणि नुसता अर्थ ठेवा.