दुर्बीण पुसून ठेवली आहे त्यांनी

ताई, दिवाळीच्या सुटीत आम्ही तीन घरं मिळून गालापागोस बेटांवर जातोय. 16 जणांची बोट पूर्णच घेतली आहे, 8 दिवसांसाठी. पण वरच्या डेकवरच्या केबिन कोणाला आणि खालच्या कोणाला, यावरून मैत्रिणींमध्ये असं बिनसलंय की ग्रुपवर कोणी कोणाला उत्तर देत नाही. मी मधल्यामध्ये पिचतेय. सासूबाईही येताहेत, आमचा छोटा 4 वर्षांचा आहे, सगळे बेटावर उतरले की त्याच्यापाशी बोटीवर कोणीतरी हवं ना. तसेही त्यांचे गुडघे दुखतात. त्या मात्र खूश आहेत, आत्तापासून दुर्बीण पुसून ठेवली आहे! रोज सकाळी सिरपूरच्या तळ्यावर नेतात ना, तीच. मैत्रिणींची समजूत कशी घालू?
— स., इंदूर

स., मी तुझ्याहून बरीच मोठी असणार, म्हणून अगं-तुगं करते.

केबिनचं आधी उरकून टाकू. खालच्या डेकवर बोट कमी हलते, वरून समुद्र जास्त दिसतो. ज्यांना बोट लागते त्यांनी खाली झोपावं, बाकीच्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात. झालं.

आता दुर्बीण. तुझ्या पत्रातलं ते एक वाक्य मी चार वेळा वाचलं. आपल्याला बोटीवर नातवाला राखत बसायचंय, हे सासूबाईंना कोणी सांगितलंय का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. सांगितलं असतं, तर त्यांनी दुर्बीण पुसली नसती गं.

आठ दिवसांत कधीतरी त्याही उतरतील, असं तू मनात धरलं असशील. तिथे तसं चालत नाही. कुठली बोट कुठल्या दिवशी कुठे लागणार हे तिथलं राष्ट्रीय उद्यान ठरवून देतं, आणि एकदा गेलेल्या जागी तीच बोट 14 दिवसांच्या आत पुन्हा जाऊ शकत नाही. उतरायचं तेही गाईडबरोबरच, 16 माणसांमागे एक. तो तुमच्याबरोबर उतरला की मागे राहिलेल्या माणसाला ते बेट बंद. इंदूरहून विमानं बदलत इक्वाडोर, तिथून पुढे समुद्रात आणखी हजारेक किलोमीटर, उद्यानाची मोठ्या माणसाची 200 डॉलर फी त्यांच्याही नावाने भरायची, आणि त्यांनी काय बघायचं? काचेतून किनारा?

गुडघ्यांचं मला सांगू नकोस. रोज सिरपूरला जाणारे गुडघे आहेत ते. सगळीकडे चढता येणार नाही हे खरं. बार्टोलोमेच्या टेकडीला साडेतीनशेच्या वर लाकडी पायऱ्या आहेत, त्या त्यांना नकोत. पण सांताक्रूझच्या वरच्या हिरव्या भागात राक्षसी कासवं गवतात चरत असतात, तिथे सावकाश चालता येतं. बोटीवरून किनाऱ्यावर नेणाऱ्या छोट्या मोटरबोटीला तिथे पांगा म्हणतात. काही ठिकाणी तर उतरायचंच नसतं, पांग्यात बसूनच सगळं बघायचं. सांताक्रूझच्या उत्तरेची खारफुटीची खाडी तशी, इसाबेला बेटाची एलिझाबेथ खाडीही तशीच. तुमची बोट पश्चिमेकडच्या बेटांना जाणार आहे का, ते आजच विचारून घे.

का सांगते? सिरपूरच्या काठावर पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा तुझ्या सासूबाईंनी शेकडो वेळा पाहिला असेल. इसाबेला आणि फर्नांडिना या दोनच बेटांवर त्याचा एक भाऊबंद राहतो, त्याला उडताच येत नाही. पंख आखडून आखडून अगदीच छोटे उरलेत. पण पाण्यातून वर आला की खडकावर उभा राहून ते तुटपुंजे पंख तोही तसेच पसरतो. तुम्ही बाकीचे त्याचा फोटो काढून पुढे जाल. तो काय करतोय हे बोटीवर एकाच माणसाला कळणार आहे, आणि त्या माणसाला तुम्ही छोट्याच्या डब्यापाशी बसवून ठेवताय.

आम्ही आईला मांडूला नेलं होतं. दोन तळ्यांमधल्या जहाज महालाच्या पायथ्याशी ती आमच्या पिशव्या आणि माझी झोपलेली लेक घेऊन दोन तास बसली. 'जा गं तुम्ही, मी आहे इथे,' म्हणाली, आणि आम्ही गेलो. परतताना धारच्या पुढे आल्यावर तिने विचारलं, 'वरून दोन्ही तळी दिसतात का गं?' मी 'हो' म्हटलं आणि दुसरंच काहीतरी बोलायला लागले. तिला पुन्हा तिथे नेणं झालं नाही. मांडू इंदूरपासून किती जवळ आहे, हे तुला माहीत आहे.

मैत्रिणींची समजूत घालत बसू नकोस. त्या ग्रुपवर आज एवढंच टाक: छोट्यापाशी बोटीवर थांबायच्या पाळ्या. त्यात तुझं नाव, तुझ्या नवऱ्याचं नाव, हवं तर मैत्रिणींचीही. सासूबाईंचं नाव त्या यादीत नको, एकाही दिवशी नको. पहिली पाळी तू घे. आणि हे त्यांना आज रात्रीच सांग, स्वतः, नवऱ्याकरवी नाही. त्या 'अगं नको, मी बसते ना त्याच्यापाशी' म्हणतील. माझी आईही तेच म्हणाली होती. तू ऐकायचं नाहीस.

दुर्बिणीचा पट्टा जुना झाला असेल, तो बदलून घे. पांग्यात चढताना खलाशी दोन्ही हात धरतात, तेव्हा दुर्बीण गळ्यात घट्ट हवी.