‘ती नव्हतीच’ हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगू नका

ऑनलाइन ओळखीतून फसलेल्या माणसाला घेऊन घरचे माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा पैशाचं बोलणं लवकर आटोपतं. मग खुर्ची जरा पुढे ओढून, आवाज खाली आणून विचारतात, ‘‘मॅडम, ती बाई नव्हतीच. सगळं खोटं निघालं. तरी हे तिच्यासाठी झुरतायत. डोक्यावर परिणाम तर झाला नाही ना?’’ कधी बाईच्या जागी इंग्लंडमधला डॉक्टर असतो, कधी सैन्यातला अधिकारी, कधी विवाहस्थळावरचा इंजिनियर. काळजी मात्र तीच. अलीकडे ती इतक्यांदा ऐकली, की एका केसबद्दल लिहायचं ठरवलं. नाव-गाव आणि तपशील बदलले आहेत, परवानगीही घेतली आहे.

अण्णा सांगलीचे. वीज खात्यातून निवृत्त, वय एकसष्ट, पत्नी जाऊन दोन वर्षं झालेली. हिशेबाला इतके पक्के की सोसायटीचं खजिनदारपद कुणी दुसऱ्याला देतच नाही. फेसबुकवरच्या नाट्यसंगीताच्या एका ग्रुपवर त्यांना इंदूरच्या ‘वसुधा’ भेटल्या. सांगलीकराला नाट्यसंगीतावरून बोलतं करणं फार अवघड नाही, आणि इंदुरात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. शंका यावी असं काही नव्हतं. ग्रुप मागे पडला, व्हॉट्सॲप सुरू झालं. व्हिडिओ कॉलचा विषय निघाला की तिकडचा कॅमेरा बिघडलेला असायचा. जवळपास वर्षभराने ‘ऑपरेशन’ निघालं, अण्णांनी चाळीस हजार यूपीआयने पाठवले आणि पुढच्या आठवड्यात नंबर बंद. मुलाने डीपी गुगल लेन्सवर टाकून पाहिला, तर फोटो दक्षिणेकडच्या भलत्याच कुणा बाईंचा.

‘‘पैसे गेले ते गेले,’’ मुलगा म्हणाला. ‘‘पण हे धड जेवत नाहीत. तुम्ही एकदा यांना पटवून द्या, की वसुधा नावाचं कुणी नव्हतंच.’’

अण्णा मान खाली घालूनच म्हणाले, ‘‘मला पटलंय. मी गाढव आहे हेही पटलंय.’’

मी अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या वाटेने काम करते, म्हणजे त्रासामागचा अविवेकी विचार शोधून तो तपासायचा. कि. मो. फडके यांनी ती विवेकाची वाट मराठीत रुळवली. त्यामुळे माझा कान आधी त्या ‘गाढवा’पाशी थांबतो. फसलो, ही घडलेली गोष्ट झाली. गाढव आहे, हा स्वतःवर ठोकलेला निकाल.

‘‘अण्णा, सोसायटीच्या जमाखर्चात एक आकडा चुकला तर काय करता?’’

‘‘खोडून बरोबर लिहितो, शेजारी सही करतो.’’

‘‘अख्खी वही फाडत नाही?’’

‘‘वही कशी फाडणार! ऑडिटला काय दाखवू?’’ आणि ते पहिल्यांदा किंचित हसले.

शरम अशी थोडी सैल झाली. जेवण सुधारलं. पण रात्री उठून जुने मेसेज वाचणं काही थांबेना. माझ्या अनुभवात इथेच बहुतेक घरं अडकतात. सगळे मिळून एकच गोष्ट सिद्ध करत राहतात, की समोर कुणी नव्हतं. ते तर त्या माणसाला केव्हाच कळलेलं असतं. मग मी अण्णांना म्हटलं, पुढच्या वेळी चॅट घेऊन या, पण तिचे मेसेज मला नकोत, फक्त तुमचे वाचून दाखवा.

ते एक लांबट वही घेऊन आले. आपले निवडक मेसेज स्वतःच्या हाताने उतरवून काढले होते, डावीकडे तारीख, समासाला लाल रेघ. खजिनदाराचंच काम. सुरुवातीला गाण्याच्या गप्पा, गॅलरीतल्या कुंड्या, सुनेच्या हातची आमटी. मुलाला मी बाहेर बसवलं होतं. एका तारखेपाशी अण्णांचा आवाज बदलला.

‘‘ ‘पहाटे नर्स म्हणाली, काका, चहा घेऊन या. मी खाली गेलो. येताना लिफ्ट बंद होती, जिन्याने चढलो. तोवर ही गेली होती. मुलाला मी सांगितलं, शेवटपर्यंत हात धरून होतो.’ ’’

मी विचारलं, ‘‘हे याआधी कुणाला सांगितलं होतंत?’’

‘‘नाही. तिलाच सांगितलं.’’ बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘म्हणजे कुणालाच नाही.’’

‘‘पण सांगितलं कुणी?’’

‘‘मीच.’’

‘‘त्यात काही खोटं होतं?’’

‘‘एक अक्षरसुद्धा नाही, मॅडम.’’

मग ते रडले, आणि ते रडणं वसुधासाठी नव्हतं.

‘तुमचे मेसेज वाचा’ हे मी आता अशा प्रत्येक केसमध्ये सांगते, आणि ते मला सुचलं याचं समाधान आहे. सोंग एका बाजूने होतं. दुसऱ्या बाजूचं माणूस खरंच बोललं होतं, कित्येकदा आयुष्यात पहिल्यांदाच. ‘सगळं खोटं होतं’ असं घरचे म्हणतात तेव्हा ते हेही पुसून टाकतात. अण्णांना हवं होतं ते एका चहाच्या कपाची कबुली ऐकून घेणारं कुणीतरी. ती कबुली मुलापुढे देता येत नव्हती, कारण थाप मुलालाच मारली होती.

‘एवढा शिकलेला माणूस फसतो कसा?’ हा प्रश्नही याच जागी सुटतो. जोसेफ वॉल्थर या अमेरिकी संवाद-अभ्यासकाने १९९६ मध्येच मांडलं होतं, की नुसत्या लिखित संवादात लिहिणारा आपलं निवडक रूप पुढे करतो आणि वाचणारा मोकळ्या जागा आपल्या मनाने, आणि चांगल्याच रंगाने, भरून काढतो. वसुधा निम्म्याहून अधिक अण्णांनीच घडवली होती. पैशाचा संबंध नसला तरी हे मनाला लागतं. कॉम्प्युसर्व्ह या जुन्या नेटवर्कवर ‘जोन’ नावाच्या अपंग स्त्रीशी अनेकजणी मन मोकळं करायच्या. ती प्रत्यक्षात न्यूयॉर्कचा एक पुरुष मनोविकारतज्ज्ञ निघाली. १९८५ साली ही हकिकत छापून आली. त्या बायकांची जखम पैशाची नव्हती. (आमच्या पेशातला माणूस म्हणून मला ती हकिकत जास्तच बोचते.)

तेव्हा घरच्यांना माझं सांगणं असं. पहिले काही दिवस ‘आम्हाला आधी का नाही सांगितलं?’ हे विचारू नका. उत्तर बहुधा तुमच्याच वागण्यात असतं. चॅट रागाने डिलीट करू नका, करायलाही लावू नका. स्क्रीनशॉट, फोन नंबर, प्रोफाइलची लिंक, व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, सगळं ठेवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्याआधी अडवता आले तरच उपयोग. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, पोलीस ठाण्यातही. संगणकाच्या साधनांनी दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि नंतर कुणी ‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा’ म्हणून फोन केला, तर ती दुसरी फसवणूक समजा. हे फोन येतातच.

ओळख खरी आहे का, हे पाहायला व्हिडिओ कॉल चांगला, पण आता चेहराही नकली करता येतो. त्याच्या पुढची पायरी चारचौघांत प्रत्यक्ष भेट. ‘आपलं हे कुणाला सांगू नकोस’ असं समोरून आलं, की फसवणूक ओळखायला मला आणखी खूण लागत नाही.

अण्णांनी जिन्याची गोष्ट मुलाला सांगितली. मी तिथे नव्हते. मुलगा नंतर मला एवढंच म्हणाला, ‘‘मला माहीत होतं. नर्सने तेव्हाच सांगितलं होतं.’’ दोघांनी दोन वर्षं एकमेकांना सांभाळून घेतलं होतं.

शेवटच्या भेटीत अण्णांनी जरा लाजत विचारलं, ‘‘त्या ग्रुपवर सोलापूरच्या एक बाई आहेत. बोललो तर चालेल?’’

‘‘चालेल की. आधी मुलाला सांगा, आणि पहिल्याच आठवड्यात कॉल करा.’’

महिन्याभराने त्यांचा फोन आला. बाई खऱ्या निघाल्या, दोघं नाटकाला भेटलेही. तक्रार एकच होती: बाईंना नाट्यसंगीतातलं फारसं कळत नाही, आणि गाणं चालू असताना बोलतात.