कोल्हापूर-तिरुपती : अंतर आणि वेळेचा हिशेब असा करा

सांगलीतून पहिल्यांदा विमानाने निघताय ना, मग रस्त्याचे किलोमीटर आधी बाजूला ठेवा. सगळ्यांचं इथेच चुकतं. नकाशावर उजळाईवाडी (कोल्हापूरचा विमानतळ) ते रेणीगुंटा (तिरुपतीचा विमानतळ) सरळ रेषेत मोजा, सुमारे 655 किलोमीटर भरतात. एखाद्या साइटवर आकडा 354 दिसला तर दचकू नका, ते नॉटिकल मैल आहेत, म्हणजे विमान-जहाजांचं अंतर मोजायचं माप. 1.852 ने गुणा, की झालं.

आता वेळ. छोट्या मार्गांवरचं एटीआर 72 हे पंख्याचं विमान ताशी साधारण 500 किलोमीटरने जातं. 655 ला 500 ने भागा, म्हणजे 1 तास 19 मिनिटं. दुसरी चूक इथे होते, लोक एवढ्यावरच थांबतात. धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं, उतरताना वेग कमी करणं, याची 20 मिनिटं धरा. पावणेदोन तासांच्या आत-बाहेर येतं. वारा समोरून असेल तर थोडं वाढतं.

तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतची असते, निव्वळ हवेतली नव्हे.

आणि खरा वेळ जातो तो जमिनीवर! सांगलीहून जयसिंगपूर-हातकणंगलेमार्गे उजळाईवाडीला किमान सव्वा तास ठेवा. बॅगेचा काउंटर बहुधा उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, म्हणून दोन तास आधी पोहोचा. म्हणजे घरातून सव्वातीन तास आधी निघायचं. बिनधास्त जा, पण बुकिंगआधी त्या वारी विमान आहे का तेवढं बघा. छोट्या विमानतळांवर रोज फेरी असतेच असं नाही.