‘प्रजाजन’ पुसलं, ‘नागरिक’ लिहिलं

प्रश्न : बाई, मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या नोट्समध्ये ‘अमेरिकन राज्यक्रांतीची वैचारिक कारणे’ या मथळ्याखाली लॉक, मॉन्टेस्क्यू आणि रूसो अशी तीन नावं आहेत, प्रत्येकाखाली दोन-दोन ओळी. पुस्तकामुळे क्रांती होते म्हणजे नेमकं काय होतं? तिथल्या शेतकऱ्यांनी, सुतारांनी लॉक वाचला होता का?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : मी एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि पहिली काही वर्षं फळ्यावर हेच लिहीत होते : ‘लॉकच्या विचारांपासून प्रेरणा.’ पुढे मूळ कागदपत्रं वाचायला लागले तेव्हा वाईट वाटलं, कारण त्या एका ओळीतून मुलांच्या हाती काहीच लागत नव्हतं. तू नेमका तोच प्रश्न विचारलास, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

जॉन लॉकचं राज्यसत्तेवरचं पुस्तक १६८९ साली आलं, तेही निनावी. त्याचं म्हणणं असं, की जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता यांवरचा हक्क माणूस जन्मतःच घेऊन येतो. राजाने तो दिलेला नाही, म्हणून राजाला तो काढूनही घेता येत नाही. हे हक्क सांभाळण्यासाठी लोक आपल्या संमतीने सरकार नेमतात. सरकारच त्यांवर उठलं, तर ते दूर सारायचा अधिकार लोकांकडे परत येतो. पण पुस्तक येऊन पाऊणशे वर्षं झाली तरी अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींतली माणसं स्वतःला इंग्लंडच्या राजाची निष्ठावंत प्रजाच म्हणवत होती. नुसत्या पुस्तकाने काही घडत नाही, ते असं.

घडलं ते लंडनच्या पार्लमेंटने केलेल्या १७६५च्या स्टँप कायद्याने. वर्तमानपत्र, पंचांग, खरेदीखत, वकिलीची सनद, पदवीचं प्रमाणपत्र, पत्त्यांचा जोड, अगदी खेळायचे फासेसुद्धा. सगळ्यांवर सरकारी शिक्का आणि त्याचे पैसे. आता बघ, हा कर कुणाच्या खिशाला लागला? छापखानेवाल्यांच्या आणि वकिलांच्या. म्हणजे गावातल्या लिहित्या-बोलत्या माणसांच्या. कायदा लागू व्हायच्या आदल्या दिवशी फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राने आपलं पहिलं पान थडग्याच्या दगडासारखं छापलं होतं, वर कवटी आणि हाडं. त्या पानाचं चित्र मी वर्गात फिरवायचे. मागच्या बाकावरची मुलंही मान पुढे काढून बघायची.

गाऱ्हाणं असं हातात आल्यावर लॉक कामाला आला. त्याने स्पष्ट लिहून ठेवलं होतं, की माणसाच्या संमतीशिवाय त्याच्या मालमत्तेतला तुकडाही सरकारला घेता येत नाही. कर बसवायचा तर लोकांनी स्वतः किंवा आपल्या प्रतिनिधींमार्फत होकार द्यायला हवा. आणि पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही सभासद नव्हता. लंडनहून उत्तर आलं : मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमलाही स्वतःचा सभासद नाही, म्हणून काय पार्लमेंट त्यांची नाही? त्यावर बोस्टनचा वकील जेम्स ओटिस म्हणाला, त्यांना नसेल तर त्यांनाही मिळायला हवा. हे उत्तर मला फार मोठं वाटतं. भांडण कराचं होतं, ते एका वाक्यात सगळ्यांच्या हक्काचं झालं.

आता तुझे सुतार. त्यांतल्या बहुतेकांनी लॉक उघडलाही नसेल. पण विचार काही पुस्तकाच्या बांधणीतच अडकून राहत नाहीत. बोस्टनचा धर्मोपदेशक जोनाथन मेह्यू १७५० सालीच चर्चमध्ये सांगत होता, की जुलमी राजापुढे मान तुकवणं हे काही धर्माचं कर्तव्य नव्हे. जुलमी सत्तेवर टीका करणारी ‘केटोची पत्रं’ ही लंडनमधली लेखमाला वसाहतींतली वर्तमानपत्रं पुन्हा पुन्हा छापत होती. आणि मग थॉमस पेन आला. इंग्लंडमधल्या थेटफर्ड गावचा, बापाकडे कंचुकी शिवायला शिकलेला, अबकारी खात्यातली नोकरी गेलेला माणूस. बेंजामिन फ्रँकलिनची चिठ्ठी घेऊन तो १७७४च्या अखेरीस फिलाडेल्फियात उतरला आणि १० जानेवारी १७७६ला त्याची ‘कॉमन सेन्स’ ही पुस्तिका निघाली. लॅटिन नाही, वकिली भाषा नाही. बायबलमधले दाखले आणि घरात बोलतात तशी वाक्यं. अमेरिकेत राजा कोण? तर कायदा हाच राजा, इतकं सरळ. हाच पेन पुढे म्हणाला, लॉकचं पुस्तक मी कधी वाचलं नाही, हातातसुद्धा घेतलं नाही. पेनच्या या बोलण्यावर माझा विश्वास आहे. तोवर लॉक हवेत मिसळला होता.

त्याच वर्षी जूनमध्ये तेहतीस वर्षांचा थॉमस जेफर्सन फिलाडेल्फियात एका गवंड्याच्या घरी दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होता. स्वतः आखून करवून घेतलेलं एक छोटं घडीचं मेज, त्यावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा कच्चा खर्डा. त्या खर्ड्यात एके जागी शाईचा डाग आहे. तिथे ‘सहनागरिक’ असं लिहिलेलं वाचता येतं, पण खाली आणखी काही तरी होतं. २०१०मध्ये वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयातल्या लोकांनी विशेष छायाचित्रणाने खालची अक्षरं वाचली. आधीचा शब्द होता ‘सहप्रजाजन’. जेफर्सनने तो काट मारून खोडला नव्हता. शाई ओली असतानाच पुसला आणि त्याच जागी नवा शब्द बसवला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या डागात आहे, असं मला मनापासून वाटतं. लिहिण्याच्या ओघात सवयीचा शब्द हातून उतरला, आणि लगेच लक्षात आलं की आपण आता कुणाची प्रजा नाही. ते वाक्य पुढे मसुद्यातून गळालं. शब्द राहिला.

‘अत्याचारांची लांबलचक मालिका’ हे जाहीरनाम्यातले शब्द तर लॉकच्याच पुस्तकातले आहेत. जेफर्सनने ते कधी लपवलंही नाही. १८२५च्या एका पत्रात तो म्हणतो, मला नवं तत्त्व शोधायचं नव्हतं, अमेरिकेच्या मनात जे होतं ते मांडायचं होतं. आणि अ‍ॅरिस्टॉटल, सिसेरो, लॉक, सिडनी अशी नावं घेतो.

मॉन्टेस्क्यूची पाळी नंतर आली, १७८७मध्ये राज्यघटना लिहायला बसले तेव्हा. कायदे करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा वेगळा हवा, यासाठी. रूसोला फ्रान्सच्या प्रकरणात ठेव, इथे त्याचं फारसं काम नाही.

प्रश्न : बोस्टनच्या बंदरात चहा बुडवला तो चोरटा व्यापार करणाऱ्यांनी, धंदा बुडतो म्हणून. हक्कांची भाषा हा केवळ मुलामा नव्हता का?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे

उत्तर : चोरट्या व्यापाऱ्यांचा स्वार्थ होता, हे तुमचं खरं आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. १७७३च्या चहा कायद्याने चहा महाग झाला नव्हता, स्वस्त झाला होता. पौंडामागे तीन पेन्सचा कर मात्र तसाच ठेवला होता. स्वस्त चहा घेतला की कर मान्य केल्यासारखं झालं, हा डाव लोकांनी ओळखला. १६ डिसेंबरच्या रात्री ३४२ पेट्या पाण्यात गेल्या. गिऱ्हाईक म्हणून फायदा होत असताना केवळ होकाराच्या प्रश्नावर माणसं अडून बसतात, त्याला मी मुलामा म्हणणार नाही.

तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. १७६५ला बंगालची दिवाणी घेतलेली, १७७०च्या दुष्काळानंतर कर्जात बुडालेली हीच ती कंपनी. लंडनच्या गोदामांत पडलेला तिचा माल खपावा म्हणून तो कायदा झाला. मार्च १७७५मध्ये राघोबादादा सुरतेला कंपनीच्या मुंबईकरांशी तह करत होते आणि पुढच्याच महिन्यात लेक्सिंग्टनला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. शाळेच्या पुस्तकात हे दोन वेगवेगळे धडे असतात. मला ते नेहमी शेजारी-शेजारी ठेवून बघावेसे वाटतात.

प्रश्न : ‘सर्व माणसं समान’ लिहिणाऱ्याकडे गुलाम होते. मग या तत्त्वांना काय अर्थ?
– एक शिक्षक, चंद्रपूर

उत्तर : सर, या प्रश्नावर मी कधीच शांतपणे शिकवू शकले नाही. जेफर्सनने आयुष्यात सहाशेहून अधिक माणसं गुलाम म्हणून बाळगली. जाहीरनामा लिहिला त्या दिवसांत त्याच्या दिमतीला रॉबर्ट हेमिंग्ज हा चौदा वर्षांचा मुलगा होता, जेफर्सनच्याच बायकोचा सावत्र भाऊ, आणि गुलाम. मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा निषेध होता. दक्षिण कॅरोलिना आणि जॉर्जिया यांना चालेना, म्हणून तो गाळला. आणि लॉक? कॅरोलिना वसाहतीच्या ज्या १६६९च्या मसुद्याच्या कामात त्याचा हात होता, त्यात मालकाला गुलामावर संपूर्ण अधिकार दिला आहे. हे सगळं वर्गात सांगायलाच हवं, तळटीप म्हणून नव्हे.

त्याबरोबर बेटची गोष्टही सांगा. मॅसॅच्युसेट्समधल्या शेफील्ड गावी जॉन अ‍ॅशली नावाच्या प्रतिष्ठिताच्या घरी ती गुलाम होती. १७७३मध्ये याच घरात गावातली मंडळी बसली आणि माणसं निसर्गतः समान आणि स्वतंत्र आहेत, असा ठराव लिहून उठली. त्या घरात राबणाऱ्या बेटला लिहिता-वाचता येत नव्हतं. ऐकू येत होतं. एकदा मालकिणीने घरातल्या दुसऱ्या एका गुलाम मुलीवर चुलीतलं तापलेलं फावडं उगारलं. बेटने मध्ये हात घातला. त्या भाजल्याचा व्रण तिने पुढे कधी झाकला नाही. १७८०मध्ये राज्याच्या घटनेत ‘सर्व माणसं स्वतंत्र आणि समान जन्मतात’ हे आलं, तेव्हा तिने थिओडोर सेजविक या वकिलाला गाठलं. तो ठराव लिहिणाऱ्यांत हाच सेजविक होता. १७८१च्या ऑगस्टमध्ये ज्युरीने तिला मुक्त ठरवलं, वर तीस शिलिंग भरपाई दिली. अ‍ॅशलीने पगार देऊ केला, परत ये म्हणाला. ती गेली नाही. तिने नाव घेतलं एलिझाबेथ फ्रीमन. फ्रीमन म्हणजे स्वतंत्र माणूस.

आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी तरुणपणी पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं, हे आपण दोघंही मुलांना सांगतो. १८७३च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिकाही एकदा त्यांच्यापुढे मोठ्याने वाचा. जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं आहे. पण १७७६च्या जाहीरनाम्यासाठी नव्हे. गुलामांना दास्यातून सोडवण्याच्या कामी त्यांनी निरपेक्षपणे जो त्याग केला, त्यासाठी.