मुलीच्या बी.कॉम.साठी वापरलेला मॅकबुक एअर एम१ घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी यंदा बी.कॉम.ला, जोडीला सीए फाउंडेशनची तयारी. ओळखीतले एक गृहस्थ २०२१ साली घेतलेला मॅकबुक एअर (एम१, ८ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज) विकतायत. एवढा जुना लॅपटॉप घ्यावा, की तेवढ्याच पैशात नवा विंडोज लॅपटॉप?

अगदी हेच मॉडेल मी अकोल्यात रोज वापरतो. अनुवाद आणि सबटायटलिंग हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे दिवसभर बोटं याच्याच कीबोर्डवर असतात. लॅपटॉप जुना आहे याची काळजी तुम्ही फार करताय असं मला वाटतं. तो अजूनही दमदार आहे. अडचण आलीच तर ती वयामुळे येणार नाही, तुमच्या मुलीच्या विषयामुळे येईल. त्यामुळे आधी लॅपटॉपबद्दल सांगतो, मग कॉमर्सबद्दल.

हा लॅपटॉप ॲपलने १० नोव्हेंबर २०२० ला जाहीर केला. इंटेलचा प्रोसेसर सोडून स्वतःची एम१ चिप घातलेल्या पहिल्या मॅकपैकी हा एक. भारतात तेव्हा किंमत ९२,९०० रुपये होती. आठ कोअरचा प्रोसेसर, त्यातले चार जड कामासाठी आणि चार किरकोळ कामासाठी, त्यामुळे टायपिंग आणि ब्राउझिंगला वीज फार कमी खातो. नुसतं वेब बघत असाल तर १५ तास असा ॲपलचा दावा होता. माझा नवा होता तेव्हा सकाळी काढला की संध्याकाळपर्यंत चार्जर शोधावा लागत नसे. आता दुपारच्या चहानंतर लागतो. एवढ्या वापरानंतर याला तक्रार म्हणता येणार नाही.

आत पंखा नाही. आमच्याकडे ही गोष्ट किती मोठी आहे ते पुण्यात राहणाऱ्याला सांगून कळणार नाही. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्याबरोबर धूळ येते आणि ती आधी लॅपटॉपच्या पंख्यात जाऊन बसते. माझ्या आधीच्या विंडोज लॅपटॉपचा पंखा दर उन्हाळ्यात उघडून साफ करावा लागायचा, आणि तरी तो पिठाच्या गिरणीसारखा घरघरायचाच. यात ती भानगडच नाही. मात्र पंखा नसण्याची एक किंमत मोजावी लागते. ॲपलच्या तपशिलात वापरासाठी १० ते ३५ अंश तापमान लिहिलंय, आणि अकोल्याचा मे महिना ४४-४५ च्या घरात. दुपारी मोठा व्हिडिओ एक्सपोर्टला टाकला की सुरुवातीला सुसाट पळतो, मग अंग तापतं तसा स्वतःच वेग कमी करतो. बंद पडत नाही, अडकत नाही, नुसता सावकाश होतो. मी ती कामं रात्री टाकतो. बी.कॉम.च्या मुलीला याचा अनुभव येण्याची शक्यता जवळजवळ नाही.

स्क्रीन १३.३ इंच, २५६० बाय १६०० पिक्सेल. देवनागरी वाचताना याचा फरक जाणवतो: जोडाक्षरं, रफार, अनुस्वाराचा टिंब, सगळं स्पष्ट दिसतं. स्वस्तातल्या पंधरा इंची पडद्यावर ‘ध’ आणि ‘घ’ ओळखायला मान पुढे काढावी लागते, ते इथे नाही. मराठी टायपिंगला इन्स्क्रिप्ट कीबोर्ड सिस्टिममध्येच आहे, शिवाय उच्चाराप्रमाणे टाइप करायचा ‘देवनागरी क्वर्टी’ पण आहे. सेटिंग्जमध्ये कॅप्स लॉकने भाषा बदलायची सोय चालू करून घ्या. एका बटणावर इंग्रजी, त्याच बटणावर परत मराठी. ही सवय लागली की दुसऱ्या लॅपटॉपवर हात अडखळतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा ‘श्री देवनागरी ७१४’ हा फॉन्टही सिस्टिमबरोबरच येतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

वेबकॅम ७२०पी, यथातथाच. सव्वा किलोच्या थोडं वर वजन. टाइप-सी पोर्ट दोनच, तेही दोन्ही डाव्या बाजूला, म्हणजे पेनड्राइव्हसाठी एक छोटा हब घ्यावा लागणार. बाहेरचा मॉनिटर अधिकृतपणे एकच जोडता येतो. तुमच्या कामाला तो प्रश्न नाही.

आता एक गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. चार्जिंग चालू असताना मनगट लॅपटॉपच्या कडेवर टेकवलं, की कधीकधी बारीक झिणझिण्या जाणवतात. बोट हलकेच फिरवलं तर पत्रा खरखरीत लागतो. पहिल्यांदा माणूस दचकतो, आणि घरातली मोठी माणसं ‘शॉक मारतो, फेकून दे’ म्हणतात. बॉडी पूर्ण ॲल्युमिनियमची आहे आणि दोन पिनांच्या प्लगला अर्थिंग नसतं, म्हणून चार्जरमधून झिरपणारा अगदी सूक्ष्म प्रवाह तिथे जाणवतो. धातूच्या बॉडीच्या कुठल्याही लॅपटॉपला हे होऊ शकतं. अर्थिंगवाली तीन पिनांची वायर लावली आणि घरातलं अर्थिंग खरोखर जोडलेलं असलं, की थांबतं. जुन्या वाड्यांत आणि कित्येक हॉस्टेलांत तिसऱ्या पिनचं भोक असतं, त्यामागे वायर नसते. मुलगी हॉस्टेलला राहणार असेल तर तिला हे आधीच सांगून ठेवा.

आता खरी मेख. रॅम आणि स्टोरेज दोन्ही आत कायमचे बसवलेले आहेत. नंतर वाढवता येत नाहीत, कुठल्याही दुकानात नाही. बऱ्याच विंडोज लॅपटॉपमध्ये दोन वर्षांनी एसएसडी (म्हणजे स्टोरेजची चकती) बदलली, रॅमची एक काडी घातली की तो पुन्हा ताजातवाना होतो. इथे तो मार्ग नाही. आठ जीबी कुठे पुरते आणि कुठे नाही ते माझ्या टेबलावरून सांगतो. वर्ड, ब्राउझरचे दहाएक टॅब आणि एक पीडीएफ उघडी असेल तर ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’मधला मेमरी प्रेशरचा आलेख हिरवा असतो. त्यात तीन-चारशे पानांची स्कॅन केलेली कागदपत्रं आणि वर व्हिडिओ कॉल आला की पिवळा होतो. पिवळ्यातही काम चालतं, कारण सिस्टिम स्टोरेजचा तुकडा रॅमसारखा वापरते आणि स्टोरेज वेगवान आहे. पण टॅब बदलताना क्षणभर थांबल्यासारखं होतं. अभ्यासाची मुलगी हिरव्यातच राहील. २५६ जीबीचा त्रास मात्र होईल: लेक्चर डाउनलोड करून ठेवायची सवय असेल तर बाहेरची एसएसडी जवळ ठेवावी लागेल.

अपडेटचं म्हणाल तर २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो यावर चालते. इंटेलच्या मॅकसाठी हीच शेवटची मोठी आवृत्ती, असं ॲपलने सांगून टाकलंय. अपडेट बंद होण्याच्या रांगेत त्यांच्यानंतर पहिला नंबर एम१चा, एवढं डोक्यात ठेवा.

आणि आता कॉमर्स. टॅली प्राइम हे हिशेबाचं सॉफ्टवेअर मॅकवर थेट चालत नाही, ते विंडोजचं आहे. जुन्या इंटेल मॅकवर ‘बूट कॅम्प’ने विंडोज टाकता यायचं, एम१ वर ती सोय नाही. पॅरलल्ससारख्या सॉफ्टवेअरच्या आत विंडोज चालवता येतं, पण मग आठ जीबी रॅममध्ये दोन सिस्टिम बसवायच्या म्हणजे दाटीवाटी होते. जीएसटीची विवरणपत्रं तयार करायचं ऑफलाइन टूलही विंडोजचंच. एक्सेल मॅकवर आहे आणि छान चालतं, पण पॉवर पिव्होट (मोठ्या आकडेवारीचं विश्लेषण करायची सोय) त्यात नाही, आणि सीएच्या ऑफिसात आल्ट दाबून सराईतपणे चालवायचे शॉर्टकट इथे तसेच्या तसे चालत नाहीत.

याहून महत्त्वाचं म्हणजे क्लास. सीएचे बरेच क्लासवाले रेकॉर्ड केलेली लेक्चरं पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या प्लेअरमधून देतात, आणि त्यातले कित्येक प्लेअर फक्त विंडोज आणि अँड्रॉइडवर चालतात. कॉपी होऊ नये म्हणून तसं कुलूप लावलेलं असतं. फी भरल्यावर हे कळलं तर लॅपटॉप कितीही चांगला असो, मुलगी मोबाइलच्या स्क्रीनवर अकाउंट्स शिकेल. म्हणून लॅपटॉप बघायला जाण्याआधी क्लासला फोन करा आणि सरळ विचारा, ‘मॅकवर चालतं का?’ ‘चालेल बहुतेक’ हे उत्तर समजू नका. डेमो लेक्चर मॅकवर लावून दाखवायला सांगा.

क्लास ऑनलाइन ब्राउझरमधून असेल, टॅली कॉलेजच्या लॅबमध्ये शिकवत असतील, तर पहिली तीन वर्षं हा लॅपटॉप मजेत काढेल. पुढे आर्टिकलशिपला, म्हणजे सीएच्या हाताखालच्या उमेदवारीला, बऱ्याच ऑफिसांत स्वतःचा लॅपटॉप आणायला सांगतात, तेव्हा विंडोज लागेल. पण तो तेव्हाचा खर्च, आणि मॅकला तोवर थोडीफार किंमत येतेच. क्लास विंडोजवाला असेल किंवा टॅली घरी रोज करायची असेल, तर मात्र हा नाद सोडा आणि रायझन ५ किंवा कोअर आय५, १६ जीबी रॅमचा नवा विंडोज बघा. बॅटरी, स्क्रीन, आवाज यात तो याच्या जवळपासही येणार नाही, हे मी कबूल करतो. तरी घ्या.

घ्यायचं ठरलं तर ओळखीचे आहेत म्हणून संकोच करू नका. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘पॉवर’ उघडून सायकल काउंट, म्हणजे बॅटरी किती वेळा पूर्ण वापरून झाली तो आकडा, बघा. बॅटरी १००० सायकलींसाठी बनवलेली असते. सातशे-आठशेच्या पुढे असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीतून वजा करून मागा. मग त्यांच्याच हाताने ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ करून घ्या आणि वाय-फायवर पुन्हा सुरू करा. त्या वेळी जुन्या मालकाचा ॲपल आयडी मागितला तर ॲक्टिव्हेशन लॉक, म्हणजे लॅपटॉपला मालकाच्या खात्याशी बांधणारं कुलूप, निघालेलं नाही. ‘रिमोट मॅनेजमेंट’ असा पडदा आला तर लॅपटॉप कुठल्या तरी कंपनीच्या ताब्यातला आहे. आयटीतून बाहेर आलेल्या मालात हे सापडतं. दोन्हींपैकी काहीही दिसलं तर, ते निस्तरेपर्यंत, पैसे देऊ नका.

स्क्रीनच्या कडा बोटाने चाचपून बघा, आणि पांढरं पान उघडून एखादी रेघ दिसते का बघा. झाकण आणि कीबोर्डमध्ये जागा जेमतेम असते. मध्ये पेनचं टोपण किंवा कानातलं राहिलं आणि वरून दप्तरातली पुस्तकं दाबली गेली, तर काच जाते, आणि या स्क्रीनचा खर्च पोटात गोळा आणणारा असतो. कॅमेऱ्यावर प्लास्टिकची झाकणी लावून लॅपटॉप बंद करू नका, असं ॲपलने २०२० मध्येच सांगितलंय. बाजारात त्या झाकण्या दहा-वीस रुपयांना मिळतात आणि मुलं हौसेने लावतात.

मूळ बिल आणि मूळ ३० वॉटचा चार्जर मागून घ्या. चार्जर हरवला असं म्हणाले तरी अडत नाही, चांगल्या कंपनीचा टाइप-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर चालतो. फक्त तेवढे पैसे कमी करायला लावा.